पोळ्याच्या दिवशीची फवारणी : एका सीएसआर प्रकल्पाच्या मोजमापाचं प्रकरण

१४ सप्टेंबर २०२३ ला पोळा होता. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अकरा कास्तकारांनी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा मारला, असं त्यांच्या शेती नोंदवह्या सांगतात. औषध कोणतं, पंप किती, पंपाला मात्रा किती, सगळं रकान्यात भरलेलं. अक्षर सुवाच्य, शाई निळी, आणि अकराही वह्यांत एकच.

विदर्भातल्या खेड्यात ज्याचं बालपण गेलंय त्याला पुढचं सांगायला नको. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना आवतण दिलेलं असतं. पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू चढत नाही आणि मजूरही कामाला येत नाही. वह्या चाळताना आमच्याजवळ बसलेल्या एका मावशींना मी तारीख वाचून दाखवली. त्या हसल्याच. "पोयाच्या दिवशी पाठीवर पंप कोन घेते, बापा?"

त्या वेळी मी सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून चालणाऱ्या प्रकल्पांचं मूल्यमापन करणाऱ्या एका संस्थेच्या क्षेत्रीय चमूत होतो. कंपनी, प्रकल्प राबवणारी संस्था आणि गाव यांची नावं इथे देत नाही. त्यांच्यात इतरांहून वेगळं वाईट असं काही नव्हतं. प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यातल्या एका आकड्यासाठी.

प्रकल्प आणि त्याचा दावा

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं दगावली. शेकडो जण दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे नोझल वर धरून मारावं लागे आणि फवारा तोंडावर यायचा. हवा दमट. वर एकाच टाकीत दोन-तीन औषधं मिसळायची सवय. मेलेल्यांत शेतमालक होते तसे फवारणीचे मजूरही होते, हे पुढे लागेल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

त्यानंतर या भागात सुरक्षित फवारणीचे बरेच प्रकल्प आले. आमच्याकडे आलेला प्रकल्प २०२१ ते २०२३ अशा तीन खरिपांचा होता. शेतीशाळा घ्यायच्या, कामगंध सापळे (मादीच्या वासाचं आमिष लावून नर पतंग पकडणारे) वाटायचे, निंबोळी अर्क करायला शिकवायचं, डोमकळ्या (गुलाबी बोंडअळी लागून नीट न उमललेली फुलं) ओळखून तोडायला लावायच्या आणि फवारणीचं किट द्यायचं: चष्मा, मास्क, हातमोजे, अंगावरचा झगा. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तरच गुलाबी बोंडअळीसाठी औषध मारायचं, हे आर्थिक नुकसान पातळीचं गणित शेतीशाळेत सांगितलं जाई. चांगली आखणी होती. यात कुणाला नाव ठेवायला जागा नाही.

कंपनीच्या वार्षिक अहवालात या प्रकल्पाला दीड पान मिळालं होतं. मुख्य वाक्य असं होतं: फवाऱ्यांची सरासरी संख्या सातवरून चारवर आली, म्हणजेच कीटकनाशकांच्या वापरात ४३ टक्के घट झाली.

पहिल्या वाचनात माझंही लक्ष टक्क्याकडेच गेलं. खरी गोम 'म्हणजेच' या शब्दात होती. फवाऱ्यांची संख्या ही एक गोष्ट आणि औषधाचा वापर ही दुसरी. त्या दोन्ही एकच आहेत असं कुणी तपासलेलं नव्हतं.

आम्ही तिथे का गेलो

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायला लावतं. ५०० कोटी नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यातलं एक ओलांडलं की कंपनी त्यात आली. खर्च झालेले पैसे ठरल्या कामीच गेले, असा दाखला कंपनीच्या वित्त प्रमुखाला संचालक मंडळापुढे द्यावा लागतो. पण तो दाखला पैशाचा. सापळे विकत घेतले, वाटले, पावत्या जुळल्या, इतकंच त्यावरून कळतं. अळी कमी झाली की नाही, फवारा कमी झाला की नाही, हे विचारणं त्याच्या कामात येत नाही.

ती उणीव भरून काढायला जानेवारी २०२१ च्या नियमदुरुस्तीत परिणाम मूल्यमापन सक्तीचं झालं. ज्या कंपनीचं सीएसआर दायित्व मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं, तेही प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. अहवाल संचालक मंडळापुढे जातो आणि सीएसआरच्या वार्षिक अहवालाला जोडला जातो. या कामावरच्या खर्चाला मर्यादा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती त्या वर्षीच्या सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यातली जी जास्त असेल ती.

'स्वतंत्र' या शब्दाबद्दल एक सांगतो. आम्हाला काम देणारी कंपनीच, आमचं बिल चुकतं करणारीही तीच. गावात आमची ओळख करून देणारा आणि माणसं समाजमंदिरात बोलावून आणणारा प्रकल्पाचाच समन्वयक. हाका मारून आणलेली माणसं अर्थातच शेतीशाळेला नेमाने येणारी. पहिल्या दिवशी टॅबवर घेतलेल्या मुलाखतींत सगळ्यांनी सापळे लावले होते आणि सगळ्यांनी मास्क घातला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी गावाबाहेर ठेवून पायी धुऱ्याधुऱ्यानं फिरलो.

वह्या

कापूस वेचणीचे दिवस होते. प्रत्येक गटात साधारण पस्तीस कास्तकार, प्रत्येकाची एक नोंदवही. ही वही पेरणीपासून शेवटच्या वेच्यापर्यंत त्यानंच भरायची, अशी मूळ कल्पना. त्यातले आकडे महिन्याकाठी पोर्टलवर चढायचे आणि पोर्टलवरून कंपनीच्या अहवालात.

पोळ्याची नोंद दाखवल्यावर समन्वयकानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. पंचविशीतला पोरगा, कृषी पदविका झालेला, मोटरसायकलवर बारा गावं सांभाळणारा. म्हणाला, पोर्टल बंद व्हायला दोन दिवस राहिले होते आणि निम्म्या वह्या कोऱ्या होत्या. रात्री बसून त्यानं भरल्या. तारखा कॅलेंडर बघून टाकल्या. कॅलेंडर इंग्रजी होतं, त्यात पोळा छापलेला नव्हता.

त्याला खोटारडा ठरवून मोकळं होणं सोपं आहे. आमच्यातल्या एकानं तसं म्हटलंही. मला ते पटलं नाही. चारशेवर वह्यांचा भार एका माणसावर टाकायचा, त्याच्या कामाचं माप 'वह्या पूर्ण' असं ठेवायचं, आणि मग वह्या पूर्ण झाल्या म्हणून दचकायचं, हा कुठला न्याय? शिवाय त्यानं आकडे अगदी हवेतून आणले नव्हते. गावात बसून 'औंदा किती फवारे झाले?' हे त्यानं विचारलं होतं. चार, हे उत्तर बहुतेकांनी खरंच दिलं होतं.

सातचा आकडा मात्र वेगळ्याच वाटेनं आलेला. तो होता २०२० च्या खरिपाचा, पण विचारला गेला २०२१ च्या मध्यावर, प्रकल्प सुरू होताना, आठवणीवर. म्हणजे एका टोकाला वर्षभरापूर्वीची आठवण आणि दुसऱ्या टोकाला रात्री बसून भरलेली वही. दोन निराळ्या काट्यांवर दोन पोती तोलून फरक सांगितल्यासारखं झालं.

कृषी केंद्राची वही

आमच्या चमूत वयानं मोठा असलेला एक सहकारी कायम एक गोष्ट म्हणे: जी नोंद तपासणीसाठी लिहिलेली नसते, तिच्याकडे आधी जा. उधारीची वही, काट्याची चिठ्ठी, दवाखान्याचं रजिस्टर. त्या नोंदी कुणीतरी स्वतःचं नुकसान टाळायला लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्यांत कुणाला खूश करायची गरज नसते.

गावच्या चौकातल्या कृषी केंद्रात आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. या भागात बियाणं, खत, औषध हंगामात उधारीवर उचलतात आणि कापूस निघाला की चुकतं करतात. दुकानदाराकडे विक्रीचं सरकारी रजिस्टर होतंच, पण त्यानं काढलं ते लाल कापडी बांधणीचं लांबोळकं खातं. नाव दाखवायला तो तयार नव्हता, आणि ते बरोबरच होतं. प्रत्येक पानाच्या वरच्या कडेवर त्यानं लोखंडी पट्टी आडवी धरली आणि नावाखालचं तेवढं आम्हाला वाचू दिलं. आमच्या यादीतला हा किती नंबरचा, तो तेवढं तोंडी सांगायचा.

एक पान अजून डोळ्यांसमोर आहे. २०२० च्या हंगामात त्या कास्तकारानं सात वेळा औषध नेलं होतं. बुरशीनाशक आणि टॉनिक सोडून कीटकनाशकांचे नग मोजले तर आठ. २०२३ मध्ये तो चार वेळा आला होता. पहिल्या वेळी दोन नग, दुसऱ्या वेळी तीन, पुढच्या दोन्ही वेळी दोन-दोन. एकूण नऊ.

सात फवारे होते तेव्हा आठ औषधं. चार फवारे झाले तेव्हा नऊ.

दुकानदाराला यात नवल वाटलं नाही. फवारणीचा मजूर पंपामागे पैसे घेतो, दर वर्षी दर वाढतो, आणि वेळेवर तो मिळतही नाही. मग एकदा पंप पाठीवर चढलाच आहे तर मावा, तुडतुडे, फुलकिडे, अळी सगळ्यांचं एकदमच उरकून घ्यायचं. "दोन फेऱ्याची मजुरी वाचते ना सर," असं तो म्हणाला. म्हणजे फवारे कमी होण्याचं निदान एक कारण शेतीशाळेत नव्हतं, मजुरीच्या दरात होतं. आणि २०१७ मध्ये ज्या मिश्रणाकडे बोट दाखवलं गेलं तेच मिश्रण अहवालात 'घट' म्हणून उतरलं होतं.

ज्यांची दोन्ही हंगामांची पानं सापडली त्यांत निम्म्याला थोडे कमी कास्तकार असे निघाले की त्यांच्याकडे नगही खरोखर उतरले होते. बाकीच्यांचं जवळपास तेवढंच, काहींचं वाढलेलं. कोरडी गोष्ट अशी की नग मोजणंही पुरेसं नाही. इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (५ टक्के विष असलेलं दाणेदार अळीनाशक) कपाशीला हेक्टरी १९० ते २२० ग्रॅम लागतं, म्हणजे त्यात खरं विष १० ग्रॅमच्या आसपास. जुन्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांची मात्रा याच्या कितीतरी पट. त्यामुळे नुसतं औषध बदललं तरी वजनात मोठी घट दिसते, फवारा तितकाच राहतो. फवारे मोजा, नग मोजा, किलो मोजा किंवा डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघा. चार मापं चार गोष्टी सांगतात. कंपनीनं सगळ्यात सोपं माप घेतलं आणि त्याला सगळ्यात जड नाव दिलं.

शेजारच्या तालुक्यातलं, प्रकल्प नसलेलं एक गावही आम्ही घेतलं होतं. कार्यक्रम नसता तर काय झालं असतं याचा अंदाज दुसऱ्या कुठल्या वाटेनं येत नाही. तिथेही लोक सहा-सात फवाऱ्यांवरून चार-पाचवर आले होते. तिथे ना शेतीशाळा, ना सापळे. मजुरीचे दर मात्र तेच.

पंप कुणाच्या पाठीवर

अहवालात वाटलेल्या किटांचा आकडा होता, आणि तो पैशाच्या हिशेबाशी तंतोतंत जुळत होता. लाभार्थी ठरवले होते सातबाऱ्यावरून. त्यामुळे किट शेतमालकाच्या घरी गेलं. घरोघरी ते आम्हाला दिसलंही, खुंटीला टांगलेलं, चष्म्यावरचा प्लास्टिकचा कागद तसाच.

पंप पाठीवर घेणारा मजूर भूमिहीन. त्याचं नाव वहीत नाही, शेतीशाळेच्या हजेरीत नाही, आमच्या टॅबमधल्या नमुन्यातही नाही, कारण आमचा नमुना वह्यांच्या यादीतूनच काढलेला. ही चूक आमची. आम्ही चौथ्या दिवशी ती सुधारली, म्हणजे संध्याकाळी वस्तीवर जाऊन बसलो. एक जण म्हणाला, झगा घालून भादव्याच्या उन्हात दहा पंप मारून दाखवा. दुसऱ्यानं शर्टाची बाही वर करून कोपराखालची सोललेली कातडी दाखवली.

आणि पाणी आणणाऱ्या बाया. औषध टाकीत ओतण्याआधी बादलीत कालवतात त्या. वह्या चाळताना हसलेल्या त्या मावशींनी कसं मोजतात ते दाखवलं: बाटलीचं झाकण उलटं धरायचं, दोन झाकणं भरून बादलीत, मग काडीनं ढवळायचं. झाकण धरलेली दोन बोटं औषधात बुडतात. प्रकल्पाच्या एकाही कागदावर हे काम नव्हतं. २०१७ नंतर उभा राहिलेला विषबाधेचा प्रकल्प, आणि विषाला सगळ्यात आधी हात लावणारी बाई त्याच्या हिशेबातच नाही.

'शून्य विषबाधा' हेही एक वाक्य अहवालात होतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात त्या गावातून खरंच नोंद नव्हती. पण मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, यासाठी कुणी तिथपर्यंत जात नाही. गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून घेतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला. वस्तीवरच्या गप्पांत असे प्रसंग लगेच निघाले. शून्य म्हणजे नोंद झालेल्यांपैकी शून्य, हे लिहायला जास्तीचे दोनच शब्द लागले असते.

जे मोजलंच नव्हतं

एक गोष्ट प्रकल्पाच्या बाजूनं सापडली आणि गंमत म्हणजे कंपनीला तिचा पत्ताच नव्हता. दुकानदार सहज बोलून गेला की लाल त्रिकोणाचं औषध आता या गावात कुणी मागत नाही. आपल्याकडे डब्यावरचा त्रिकोण लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. खात्यातही ते दिसत होतं. पूर्वी हरेक पानावर असलेलं मोनोक्रोटोफॉस हे लाल त्रिकोणाचं औषध २०२३ च्या पानांवर तुरळक होतं. तुलनेच्या गावात ते त्या हंगामात अजून बऱ्यापैकी खपत होतं. शेतीशाळेत त्रिकोणाचा धडा होता आणि तो लोकांना पाठ होता, वेचणीवरच्या बायांनाही. केंद्र सरकारनं मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएलवर बंदीचा आदेश काढला तो २०२३ च्या सप्टेंबरअखेर, म्हणजे त्या हंगामातले फवारे बहुतेक उरकल्यावर. त्यामुळे या बदलाचं थोडं श्रेय प्रकल्पाला द्यायला आम्ही कचरलो नाही.

हे माप कुणी ठेवलंच नव्हतं. पोर्टलवर 'फवाऱ्यांची संख्या' असा रकाना होता, त्रिकोणाचा नव्हता.

बैठक

कंपनीच्या कार्यालयात मांडणी झाली तेव्हा सीएसआर प्रमुखांनी एकच विचारलं: "म्हणजे ४३ टक्के खोटं आहे का?" आम्ही म्हणालो, सातवरून चार हे बहुधा खरं आहे. 'कीटकनाशकांच्या वापरात घट' हे सिद्ध होत नाही. 'प्रकल्पामुळे' हे तर तुलनेचं गाव पाहिल्यावर मुळीच टिकत नाही.

त्यांचा पुढचा मुद्दा बहुतेक वाचकांच्याही मनात असतो, म्हणून सांगतो. ते म्हणाले, आमच्या शाश्वततेच्या अहवालाला तर बाहेरच्या तपासनिसाची ग्वाही आहे. ती होतीच. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला, आणि जुलै २०२३ मध्ये त्यातल्या निवडक मापांचा 'बीआरएसआर कोअर' हा गाभा बाहेरच्याकडून तपासून घ्यायला लावला. आधी वरच्या १५० कंपन्या, मग टप्प्याटप्प्यानं बाकीच्या. पण त्या गाभ्यात हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कर्मचाऱ्यांची सुरक्षितता, महिलांचा वाटा, लहान उद्योगांकडून खरेदी, अशी नऊ सूत्रं आहेत. सीएसआर प्रकल्पानं गावात काय बदललं हे त्यात नाही. तपासनिसाची सही अहवालाच्या शेवटी असते, पण तिच्यावरच्या बारीक अक्षरांत कोणती मापं तपासली याची यादी असते. ती यादी वाचली की ४३ टक्के तिच्या बाहेर असल्याचं दिसतं. कारखान्याच्या मीटरवरची वीज तपासणाऱ्यानं आमच्या गावच्या पऱ्हाटीची हमी कधी दिलीच नव्हती.

आमचा अहवाल मंडळापुढे गेला तसाच संकेतस्थळावर चढला. एक शब्द बदला असं कुणी म्हटलं नाही, हे नमूद करायला हवं. सारांशात मात्र आधी लाल त्रिकोण आला, फवाऱ्यांची घट त्यानंतर, आणि मिश्रणाची गोष्ट परिशिष्टात गेली. त्यावर आमची थोडी ओढाताण झाली. मी हरलो.

प्रकल्पाचा दुसरा टप्पा दुसऱ्या गावांत मंजूर झाला. नव्या नोंदवहीचा मसुदा आमच्याकडे अभिप्रायाला आला. टाकीत किती औषधं मिसळली, त्रिकोणाचा रंग कोणता, पंप कुणी मारला, औषध कुणी कालवलं, असे चार नवे रकाने होते. चांगले होते. मी तो मसुदा समन्वयकाला दाखवला. त्यानं पानं उलटून पाहिली, शेवटच्या पानावर आपल्या गावांची यादी शोधली आणि मोजली.

"रकाने वाढले सर," तो म्हणाला. "मानूस एकच हाय."